श्रावणात अंडी खपत नाहीत म्हणून बदकांचा खुराक तोडू नका

गटारी उलटली की कोकणात अंड्यांचं गिऱ्हाईक आटतं. श्रावण, मागोमाग गणपती, पुढे नवरात्र. घरात टोपलीभर अंडी पडून राहतात आणि बदकं पाळणारा पहिली कात्री चालवतो ती खुराकावर. अंडी विकत नाहीत तर महागडं खाद्य कशाला, शिळा भात आणि कोंडा पुरे, असा त्यामागचा हिशेब असतो. मग दसरा-दिवाळीला पर्यटक येऊ लागतात, हॉटेलवाले आणि खाणावळवाले अंडी मागू लागतात, तेव्हा बदकं पिसं झाडत बसलेली असतात.

असं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. अंड्यातला बलक एका दिवसात तयार होत नाही. शेवटच्या आठवडाभरात तो झपाट्याने वाढतो आणि त्याचा कच्चा माल मादीच्या यकृतात बनतो. त्यामुळे आज खुराक तोडला तरी उद्या अंडी कमी होत नाहीत. काही दिवस मादी स्वतःच्या अंगातून भरपाई करते, छातीचं मांस झिजवते, हाडांतलं कॅल्शियम काढून कवचाला लावते. मालकाला वाटतं, जमलं की! दुसऱ्या आठवड्यात कवच पातळ होतं, मग अंडी तुटक येतात आणि शेवटी मादी अंडं सोडून पिसं टाकायला लागते. एकदा पिसं टाकणं सुरू झालं की तुम्ही कितीही चांगलं खायला घाला, पुन्हा अंड्यावर यायला, म्हणजे अंडी द्यायला लागायला, दीड-दोन महिने सहज जातात.

खर्च कमी करायचाच असेल तर तोंडं कमी करा, ताटातलं नको. बदक हातात घेऊन शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन बाजूंची टोकदार हाडं चाचपा. अंड्यावर असलेल्या मादीच्या या हाडांमध्ये दोन-तीन बोटं आरामात बसतात आणि द्वार रुंद, ओलसर लागतं. जेमतेम एक बोट जात असेल आणि द्वार कोरडं, आकसलेलं असेल, तर ती सध्या फुकट खाते आहे. जास्तीचे नर आणि अशा माद्या गटारीच्या बाजारातच काढाव्यात, त्या आठवड्यासारखा भाव पुढे मिळत नाही. पिसं टाकणारी तरुण मादी मात्र घाईने विकू नका, ती परत अंड्यावर येते.

रोज काय आणि किती

खाकी कॅम्पबेलसारख्या अंड्याच्या जातीला अंड्यावर असताना दिवसाला 120 ग्रॅम आणि त्याहून जास्त खाद्य लागतं. बाहेर चरायला किती मिळतं यावर वरचा आकडा ठरतो. खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं हवीत. कोंबड्यांचं लेयर मॅश, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचं दळलेलं तयार खाद्य, चालतं. ब्रॉयलरचं खाद्य चालत नाही, त्याने बदक नुसतं चरबीने भरतं आणि कवचाला कॅल्शियम मिळत नाही.

घरी मिसळणाऱ्यांसाठी 10 किलोचा एक हिशेब असा: मक्याचा भरडा 3 किलो 800 ग्रॅम, तांदळाची कणी दीड किलो, ताजा कोंडा दीड किलो, सोयाबीनची पेंड 1 किलो 800 ग्रॅम, न खारवलेली सुकी मासळी कुटून 600 ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा 500 ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 150 ग्रॅम, मीठ 25 ग्रॅम आणि वरून मिनरल-व्हिटॅमिनचं मिश्रण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. यात प्रथिनं साधारण 17 टक्क्यांच्या आसपास बसतात. मासळी मिळाली नाही तर तेवढीच पेंड वाढवा. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. ते आधी नीट भाजलेलं हवं.

बदकाला कोरडं पीठ गिळता येत नाही, ते चोचीला चिकटतं. म्हणून मॅश ओलसर करून द्या आणि शेजारीच पाणी ठेवा. पाणी इतकं खोल हवं की नाकपुड्यांसकट चोच बुडेल, साधारण 5 ते 6 इंच. पोहायला तळं असलंच पाहिजे असं नाही. पावसाळ्यात ओलं खाद्य दोन-तीन तासांत आंबतं, तेव्हा अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा आणि भांडं रोज घासा.

आता ॲझोलाबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या त्या बारीक हिरव्या वनस्पतीबद्दल. मोबाईलवर ॲझोलाचे व्हिडिओ बघून पेंड बंद करणारे भेटतात. ॲझोला चांगला आहे, बदकं आवडीने खातात, बलकाला रंग येतो. पण सुकवल्यावर त्यात 20-25 टक्के प्रथिनं असली तरी ओल्या ॲझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. किलोभर ओला ॲझोला म्हणजे जेमतेम 12-15 ग्रॅम प्रथिनं. तोंडीलावणं म्हणून द्या, जेवण म्हणून नको.

दमट हवेतली बुरशी

पावसाळ्यात बदकांची अंडी कमी होण्यामागे मला सगळ्यात जास्त संशय येतो तो खाद्याच्या पोत्यावर. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना घाम फुटतो, चपलांना बुरशी येते, तिथे मक्याचं पोतं कसं कोरडं राहणार? मका आणि शेंगदाण्याची पेंड यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि पाळीव पक्ष्यांत बदक या विषाला फार लवकर बळी पडतं. 1960 साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, बदकाची पिल्लंही मेली, आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. पुढे खाद्यात हे विष आहे का ते तपासायला बदकाची पिल्लंच वापरत, इतकी ती नाजूक.

मोठ्या बदकात हे विष एकदम मारत नाही, यकृत पोखरतं. बलकाचा माल यकृतातच बनतो, कॅल्शियम शोषायला लागणारं ड जीवनसत्त्वही तिथूनच पुढे जातं. यकृत बिघडलं की अंडी घटतात, लहान होतात, कवच बिघडतं, आणि वरून बदक धडधाकट दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

पोत्यात हात कोपरापर्यंत घाला. आत गरम लागलं, गोळे हाताला आले, कुबट वास आला, तर ते पोतं संपलं असं समजा. वरची बुरशी झाडून खालचं वापरणं, उन्हात पसरणं, भाजणं, शिजवणं यांपैकी कशानेही विष जात नाही. म्हशीलाही घालू नका, ते दुधात उतरतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाद्य भरू नका. पोती भिंतीपासून वीतभर लांब, फळ्यांवर ठेवा, किंवा झाकणाच्या पिंपात. शेंगदाण्याची पेंड जून ते ऑक्टोबर बदकांच्या वाटेला जाऊच नये.

कोंड्याची गोष्ट वेगळी. गावातल्या हलरवरून (भाताच्या गिरणीवरून) येतो तो बऱ्याचदा कोंडा कमी आणि तूस जास्त असतो. मूठभर पाण्यात टाका, तूस तरंगतं. चांगल्या कोंड्यात तेल असतं आणि तेच पावसात खवट होतं, अगदी आठवड्याभरातसुद्धा. खवट तेल ई जीवनसत्त्वाचा नाश करतं, त्यामुळे खायची अंडी मिळत राहिली तरी उबवणीची अंडी फुटत नाहीत. ताज्या कोंड्याला गोडसर वास असतो, खवटाला साबणासारखा, आणि जिभेवर कडवट लागतो. खोबऱ्याच्या पेंडीलाही हाच नियम. घाण्यावरची ताजी पेंड थोडी घालायला हरकत नाही, खवट झालेली नको.

गोठ्यात म्हशीसाठी सरकी पेंड असते, तीही बदकांपासून लांब ठेवा. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी घटकाने साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि नरांच्या वीर्यावरही परिणाम होतो.

शिंपले आहेत, वापरा

एका बदकाच्या अंड्याच्या कवचात सुमारे 2.5 ग्रॅम कॅल्शियम असतं. "आमच्याकडे नाचणी घालतो, तिच्यात भरपूर कॅल्शियम" असं सांगणारे पुष्कळ. माणसाच्या आहारात ते खरं आहे, पण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. दिवसभर निव्वळ नाचणी चारली तरी ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच राहतं.

कालवं, तिसऱ्या, शिवल्या यांची टरफलं आपल्या परसात ढिगाने पडलेली असतात. गोड्या पाण्यात धुऊन मीठ घालवा, वाळवा, कुटा. पीठ करू नका, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहू द्या. बदक अंडं घालतं पहाटे, म्हणजे कवच चढतं रात्रभर. जाड तुकडा पोटात रात्रभर झिजत राहतो आणि ऐनवेळी कॅल्शियम पुरवतो, पीठ मात्र लवकर निघून जातं. म्हणूनच वरच्या मिश्रणात मी कॅल्शियम थोडं हात राखून धरलं आहे. बाकीचं संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. मादी गरजेपुरतं खाते आणि नराला जबरदस्तीने चुनखडी खावी लागत नाही. अंड्यावर न आलेल्या तलंगांना (तरुण माद्यांना) तर लेयर खाद्य आधीपासून घालूच नये, जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात. 16-18 आठवड्यांनंतर हळूहळू बदला.

शिंपले भरपूर असूनही कवच मऊ येत असेल तर आभाळाकडे बघा. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन नसतं, बदकं खुराड्यात, मग ड जीवनसत्त्व कुठून येणार? या दोन महिन्यांत एडी3ई (अ, ड3 आणि ई जीवनसत्त्वांचं) द्रावण पाण्यातून द्यावं. प्रमाण बाटलीवर असतं, त्याच्या पुढे जाऊ नये.

मासळी आणि शेत

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्यात भरून ठेवलेला जवळा कामी येतो. खारा बांगडा किंवा मीठ लावलेली कुठलीही मासळी नको. ती घालायचीच तर मिश्रणातलं मीठ पूर्ण बंद. होड्या पुन्हा सुटल्यावर जेट्टीवरची टाकाऊ मासळी मिळते, ती शिजवूनच द्या. काही कच्च्या माशांत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. आणि प्रमाण आवरा, नाहीतर अंड्याला वास मारतो. मालवणी माणसाला मासा प्रिय असला तरी तो आमलेटात नको असतो. कुजकी मासळी आणि तिच्यातल्या अळ्या खाऊन बदकांची मान लुळी पडते आणि ती पटापट मरतात. उकिरड्यावर मासे फेकू नका.

लावणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी रोपं धरली की बदकं भातात सोडता येतात, भात निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, आधी काढावीत. फवारणी झालेल्या शेतात, शेजारच्या सुद्धा, नको. गोगलगाई, किडे, मुठे (शेतातले छोटे खेकडे) खाऊन प्रथिनं पोटभर मिळतात, तेव्हा संध्याकाळी पेंड कमी आणि कणी-मका जास्त असं चालतं. शिंपले तेव्हाही हवेत. सकाळी 9 च्या आधी सोडू नका, नाहीतर अंडी चिखलात पडतात.

पडून राहिलेली अंडी उबवा

श्रावणातल्या शिल्लक अंड्यांचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे पिल्लं काढणं. खाकी कॅम्पबेल सहसा स्वतः बसत नाही, पण खुडूक गावठी कोंबडीखाली 8-10 अंडी मावतात. आठवड्याच्या आतली, स्वच्छ, नीट कवचाची अंडी निवडा. 28 दिवस लागतात. त्या माद्या माघ-फाल्गुनात अंड्यावर येतील, म्हणजे मेच्या हंगामाला तयार.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. बहुतेक अंडी कोरीच निघाली तर दोष नराकडे आहे का ते बघा: 6 ते 8 माद्यांमागे एक नर आहे का, तो फार लठ्ठ किंवा म्हातारा आहे का. अंडी फळलेली, पण गर्भ मध्येच मरत असतील, तर आईच्या खाद्यात बी-2 आणि इतर जीवनसत्त्वं कमी पडत असण्याची शक्यता मोठी. उबवणीची अंडी गोळा करायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून बी-कॉम्प्लेक्स सुरू करावं. पिल्लांना तर ते लागतंच: कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाच्या पिल्लाला नायसिन (बी-3 जीवनसत्त्व) जवळजवळ दुप्पट हवं, ते कमी पडलं की पाय वाकडे होतात.

अंडं अडकलं तर

मादी बाजूला उभी राहते, शेपूट खालीवर करत जोर काढते, पाय फाकून चालते. नव्याने अंड्यावर आलेल्या, लठ्ठ किंवा कॅल्शियम कमी पडलेल्या माद्यांत हे होतं. गर्भाशयाचे स्नायू आकसायलाही कॅल्शियमच लागतं. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा, द्वाराला खोबरेल लावा, कॅल्शियमचं द्रावण पाजा. अंडं आतल्या आत फोडायचा प्रयत्न अजिबात करू नका, कवचाच्या तुकड्यांनी नळी फाटते. काही तासांत सुटलं नाही किंवा अंग बाहेर आलं तर पशुवैद्यकाकडेच न्या.

लठ्ठपणा ओळखायला छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर बदक उपाशी आहे, हाड लागलंच नाही तर कणी आणि भात कमी करा.

खाद्य ठीक असताना सगळ्याच बदकांची अंडी एकदम घटली, हिरवट जुलाब, डोळ्यांतून पाणी किंवा मरतुक दिसली, तर तो आहाराचा प्रश्न नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा, आणि मेलेलं बदक वहाळात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.