पावसाळ्यात लहानग्याची छाती भरू नये म्हणून घरात काय बदलावं

केळं देऊ नका, दही देऊ नका, शहाळं तर नकोच, हे सल्ले आधी बाजूला ठेवा. न्युमोनिया केळ्याने होत नाही, जंतूंनी होतो. त्या जंतूंना घरात वाट करून देतात धूर, दाटीवाटी आणि राहून गेलेल्या लशी. कोकणातल्या वाडीवर आशा सेविका म्हणून घरोघर फिरते, म्हणून कामाच्या क्रमानेच सांगते.

लसीकरणाचं कार्ड काढा. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. न्युमोनियाच्या एका मुख्य जंतूवरची न्युमोकोकल म्हणजे पीसीव्ही दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत. सरकारी केंद्रात सगळं फुकट. एखादी राहिली असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी जा, ‘आता वेळ गेली’ असं घरच्या घरी ठरवू नका.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. गुटी, मध, वरचं पाणी काही नको.

आता धूर. गाडी अडते ती इथेच. गॅस आला म्हणजे धूर गेला असं लोक धरून चालतात. स्वयंपाक गॅसवर होतो खरा, पण न्हाणीतली पाणी तापवायची चूल पहाटेपासून पेटलेली असते. पावसात तिच्यात काय जातं? भिजकी लाकडं, ओल्या झावळ्या, नारळाची दमट सोडणं. जाळ कमी आणि धूर बख्खळ. कौलारू घरात मधल्या भिंती बहुधा कौलांपर्यंत जात नाहीत. न्हाणीतला धूर भिंतीच्या वरून माजघरात उतरतो, आणि बाळ तिथेच झोपलेलं असतं. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ आणि जंतू वर ढकलतात. धुराने तेच लुळे पडतात. न्हाणीचं दार लावून घेतलं म्हणून काही फरक पडत नाही. वरची फट तशीच राहते.

‘चूल बंद करा’ म्हणून सांगायला गेलात तर आजी म्हणतेच, “आमची पोरां धुरातच वाढली, काय झाला तेंका?” या वादात पडू नका, जिंकणार नाही. सिलिंडरचा हिशेबही तिच्याच बाजूने असतो. त्यापेक्षा एवढंच मागा: बाळाच्या आंघोळीचं एक टोप पाणी गॅसवर. बाकीच्यांचं चुलीवर तापू दे. बाळाची आंघोळ मात्र न्हाणीत नको, वारा न लागणाऱ्या खोलीत घमेल्यात घाला. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या मांडीवर मूल द्यायचं नाही, ‘ऊब मिळते’ म्हणूनसुद्धा नाही.

पुढचं काम म्हणजे चूलच घराबाहेर नेणं. खोपी बांधायच्या आधी पहाटे उठून तिथे एक अगरबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते बघा. दुपारी बघून उपयोग नाही. दिवसा वारा समुद्राकडून येतो, हिवाळ्यात पहाटे तो डोंगराकडून येतो, आणि पाणी तर पहाटेच तापतं. पावसात वारा नैऋत्येचा, म्हणजे घराच्या पश्चिमेला चूल घातलीत तर सगळा धूर घरातच. जागा नक्की करण्याआधी दोन्ही ऋतूंत बघून घ्या. धुराडं बसवणार असाल तर ते कौलांच्या आढ्याच्या वर गेलं पाहिजे, आखूड राहिलं तर धूर कौलांतून परत आत येतो. आणि लाकडं मिरगाच्या आधी खोपीत रचून, झाकून ठेवा.

बाळाला धुरी? अजिबात नाही. ओवा-वावडिंगाची असो नाहीतर आणखी कसली, निखाऱ्यावरचा धूर तो धूरच. मऊ पंचाने नीट टिपा, अंगडं घाला, आईच्या अंगाशी धरा. धुरीकडून हवी असते ती ऊब एवढ्याने मिळते. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. कापूर घातलेलं तेल छातीला चोळणंही नको, तान्ह्याला त्याने झटके येऊ शकतात. डासांची कॉइल बंद. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा. विडी ओढणाऱ्याने पडवीत नाही, अंगणाच्या पार टोकाला जावं आणि हात धुऊन, शर्ट बदलून मग मूल घ्यावं.

ओले कपडे बाळाच्या खोलीत वाळत घालू नका. काळी बुरशी दिसली की पुसा आणि आधी गळकं कौल बदला.

गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने बाळाचा मुका घ्यायचा नाही, हे सांगायला लाजू नका. हात धुतल्याशिवाय मूल कुणाच्या हातात नको.

एवढं करूनही खोकला झालाच तर श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना अंगडं वर करा, पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा; अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल, निपचित असेल किंवा ओठ निळसर झाले असतील तर मोजत बसू नका. ‘डबा झालाय’ (न्युमोनियालाच जुनी माणसं डबा म्हणतात) म्हणून बिब्ब्याचे डाग द्यायला नेऊ नका. 108 लावा, आणि गाडी येईपर्यंत मूल उपडं न ठेवता डोकं थोडं वर करून कडेवर घ्या.