मँडोलिनच्या तबलीवर एफ आकाराची नादछिद्रे कोरताना

तबलीचा, म्हणजे वाद्याच्या वरच्या लाकडी फळीचा, बाहेरील घुमट पूर्ण आकारास आल्यावर आणि आतील बाजूस नादपट्ट्या (तबलीला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) चिकटवण्यापूर्वी नादछिद्रे कापणे सर्वांत सोयीचे ठरते. १९२२ साली गिब्सन या अमेरिकन वाद्यकंपनीच्या एफ-५ मँडोलिनवर लंबवर्तुळाकार छिद्राऐवजी एफ आकाराची जोडी आली. तारा पेलणारी घोडी या जोडीच्या मधोमध उभी राहते, म्हणून आधी मध्यरेषा आणि घोडीची जागा आखावी. एकच साचा पालथा घालून दोन्ही बाजू आखल्यास त्या तंतोतंत जुळतात.

आकाराच्या टोकांवरील गोल भाग प्रथम धारदार ड्रिलने, मागे लाकडाचा ठोकळा दाबून धरून, पाडावेत. मग बारीक पात्याची करवत त्यातून ओवून रेषेच्या आत साधारण एक मिलिमीटर सोडून कापावे. उरलेले लाकूड अरुंद टोकाच्या सुरीने पातळ सालींत काढावे. तबलीच्या स्प्रूस लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने धावत असल्यामुळे वळणावर सुरी एका बाजूने सरळ सरकते आणि दुसऱ्या बाजूने लाकडाचे रेषे उचकटते. म्हणून प्रत्येक वळणावर कापण्याची दिशा बदलावी लागते. गोल भागाशेजारची निमुळती जीभ, जिथे रेषे आडवे आणि आखूड पडतात, सर्वांत नाजूक असते. तिथे कानसही हलक्या हातानेच फिरवावी.

छिद्रे रुंद केल्यास मँडोलिनच्या पोकळ पेटीतील हवेचा मूळ स्वर चढतो. काढलेले लाकूड परत बसत नाही, तेव्हा रेषेपर्यंत येऊन थांबावे आणि कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित मोडाव्यात.