बकेट ट्रकची हायड्रॉलिक गळती दुरुस्त करताना

वीजसेवेच्या ताफ्यातील बकेट ट्रक, म्हणजे लाइनमनला टोपलीतून उंचावर नेणारा ट्रक, दुरुस्तीला आला, की मेकॅनिकने प्रथम चालक आणि लाइनमन यांच्याकडून बिघाड नेमका केव्हा आणि कोणत्या हालचालीत जाणवतो हे समजून घ्यावे, कारण निम्मे निदान तेथेच होते. त्यानंतर बूम, म्हणजे टोपली उचलणारा लांब बाहू, पूर्ण खाली टेकवावा, चाकांना अडथळे लावावेत, इंजिन बंद करून किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, प्रणालीत अडकलेला दाब सोडावा.

गळती शोधताना होजवरून, म्हणजे तेलाच्या लवचिक नळीवरून, हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. अनेक अवजड यंत्रांत तेलाचा दाब २०० बारहून अधिक असतो आणि सूक्ष्म छिद्रातून उडालेली धार हातमोजा भेदून त्वचेखाली शिरू शकते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. वेदना नाही म्हणून थांबणे बोट किंवा हात गमावण्याइतके महागात पडू शकते.

सर्वाधिक काळजी होज बदलताना घ्यावी. बूमच्या फायबरग्लासच्या विद्युतरोधक भागात पोलादी जाळीची होज बसवली, तर ती वीज वाहून नेते आणि त्या भागाचा उपयोगच संपतो. म्हणून तेथे उत्पादकाने मान्य केलेली अवाहक होजच हवी. घाईच्या दिवशीही हा नियम शिथिल करू नये. त्या भागात काही काम केले असल्यास विद्युतरोधक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच वाहन कामावर पाठवावे आणि बदललेल्या सुट्या भागांची नोंद लॉगबुकात करावी.