मूळकूज: आळवणीआधी आणि पेरणीआधी करायची तयारी

हरभऱ्यासारख्या उभ्या पिकात झाडं माना टाकू लागली की लगेच आळवणीची, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतण्याची, घाई होते. ती करू नका. आधी खुरपं, धारदार चाकू, थोडं पाणी आणि जमल्यास भिंग घेऊन शेतात जा. नुकतीच पिवळी पडू लागलेली चार-पाच रोपं वेगवेगळ्या जागांहून घ्या. पूर्ण वाळलेल्या झाडावर नंतर आलेल्या बुरश्याही असतात, त्यामुळे निदान चुकतं. आणि रोप उपटू नका, खणून काढा. कोरड्या मूळकुजीत हरभऱ्याचं सोटमूळ इतकं ठिसूळ होतं की उपटताना तुटतं आणि जे पाहायचं तेच जमिनीत राहतं.

मूळ धुऊन साल नखाने सोला. तंतुमुळं झडलेली आणि सालीखाली बारीक काळे ठिपके दिसले तर ती कोरडी मूळकूज. जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे गोल दाणे असतील तर मानकूज. मूळ बाहेरून चांगलं, पण उभं चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ, तर मर रोग. एवढी खातरजमा हवीच, कारण मानकूज ओलीत आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर फोफावते, तर कोरडी मूळकूज ३० ते ३५ अंश तापमानात, जमिनीची ओल तुटल्यावर. पहिलीत पाणी तोडायचं, दुसरीत हलकं पाणी द्यायचं. उलट झालं तर औषधाचा खर्च वाया जातो.

पाणी साचलं असेल तर चर काढून ते आधी बाहेर काढा. वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिल्यावर, लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेल्याच बुरशीनाशकाची आळवणी करा, तीही आजूबाजूच्या निरोगी झाडांच्या मुळाशी. कुजलेलं मूळ पुन्हा धरत नाही. रोगट झाडं मुळासकट काढून नष्ट करा, बांधावर टाकू नका.

रोगाच्या जागा वहीत लिहून ठेवा. या बुरश्या मातीत अनेक वर्षं टिकतात. पिकांची फेरपालट ठरवताना एक ध्यानात घ्या: ज्वारीचा खडखड्या रोग कोरड्या मूळकुजीच्याच बुरशीमुळे होतो, म्हणून नुसतं पीक बदललं की सुटलो असं नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा. ट्रायकोडर्माच्या पाकिटावरची मुदत तपासा. बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा.