पाठांतराची झेरॉक्स बाजूला ठेवा, 'सेट' घ्या

ठाण्याच्या कोर्टात मी स्टेनो होते. आता निवृत्त आहे, म्हणून संध्याकाळी सोसायटीतली पोरं इंग्रजीसाठी माझ्याकडे येतात. बहुतेकांना ऐरोलीकडच्या एखाद्या कॉल सेंटरात मुलाखत द्यायची असते. हातात झेरॉक्स असते: डावीकडे फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला 'इन', 'ऑफ', 'अप'सारखा शब्द जोडला की नवा अर्थ होतो ते), उजवीकडे मराठी अर्थ, पानंच्या पानं. ती आधी पिशवीत घालायला लावते. आवाज बसला, धक्का बसला, घडी बसली, हे तुमच्याकडून कुणी पाठ करून घेतलं होतं का?

एकच क्रियापद घ्या आणि महिनाभर त्याचा पिच्छा सोडू नका. मी 'सेट'पासून सुरुवात करते. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद याचीच होती: सुमारे ६०,००० शब्द आणि ५८० च्या आसपास अर्थ. घाबरू नका, नोकरीपुरते पाच-सहा बस्स. शिवाय भूतकाळातही 'सेट'च. 'सेटेड' म्हणालात तर मी डोळे वटारते.

'सेट इन' जूनमध्ये शिकावं. 'द रेन्स हॅव सेट इन' म्हणजे नुसता पाऊस आला नाही, त्यानं मुक्काम ठोकला. इथे कर्म लागत नाही आणि कर्ता माणूस नसतो. कल बहुधा नकोशा गोष्टींकडे: इन्फेक्शन, थंडी, घबराट. 'हॅपिनेस सेट इन' व्याकरणात चुकत नाही, पण कानाला खटकतं.

'सेट ऑफ' जरा फसवं आहे. 'द फर्स्ट ट्रेन सेट ऑफ फ्रॉम बोरीबंदर फॉर ठाणे', १६ एप्रिल १८५३. इथे अर्थ 'निघाली'. 'द स्मोक सेट ऑफ द अलार्म' म्हटलं की धुरानं अलार्म वाजवला. पुढे कर्म आहे का, एवढं पाहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. तिसरा अर्थ माझ्या बोटांना पाठ आहे. माझ्या वेळची फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३, कलम ४२८ (जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे): खटला चालू असताना आरोपीनं कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्याला 'सेट ऑफ अगेन्स्ट द सेंटेन्स' म्हणतात.

'सेट असाइड'चंही तसंच. वरच्या कोर्टानं खालचा आदेश रद्द केला की 'द ऑर्डर वॉज सेट असाइड'. घरी मात्र 'सेट असाइड सम मनी फॉर द फीज' म्हणजे फीचे पैसे बाजूला काढून ठेव. कोर्टात आदेश मोडीत निघतो, घरात पैसे जपले जातात! म्हणून वहीत सुटा शब्द आणि अर्थ लिहू नका. अख्खं वाक्य लिहा, तेही तुमच्या दिवसातलं. कळव्याच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'सिग्नल फेल्युअर सेट मी बॅक बाय ॲन अवर', म्हणजे सिग्नलच्या बिघाडानं तासभर मागे पाडलं. तिला 'सेट बॅक' आता जन्मात विसरता येणार नाही. याच 'सेट बॅक'चा 'खिशाला एवढ्याला पडलं' असाही अर्थ आहे; तो मित्रांत ठीक, मुलाखतीत नको.

राहिलं 'सेट अप'. स्टॉल मांडणं, मीटिंग ठरवणं, कंपनी काढणं, सगळं यात येतं. 'सेट अप द स्टॉल' आणि 'सेट द स्टॉल अप' दोन्ही चालतात. पण 'इट' आलं की ते मधेच बसवायचं: 'सेट इट अप'. 'सेट अप इट' कधीही नाही. हे मोठ्यानं, घरच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवेपर्यंत म्हणा.

म्हणताना जोर 'अप'वर द्या. नाम असेल, 'द सेटअप इज रेडी', तर जोर 'सेट'वर सरकतो आणि शब्द जोडून लिहितात. ईमेल पाठवण्याआधी एवढं तपासा: काम करायचं असेल तर दोन शब्द, मांडणीचं नाव असेल तर एक.