घरी मिक्स केलेला रेगे ट्रॅक: अभिप्राय कसा मागायचा आणि तो कसा वापरायचा

१० बाय १० फुटांच्या खोलीत बेसचा खरा आवाज ऐकूच येत नाही. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झला ध्वनिलहर अडकून घुमते. बेस गिटारची ‘ए’ची मोकळी तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे भिंतीला पाठ लावून बसलात तर तो एक सूर फुगतो, आणि खोलीच्या बरोबर मधे बसलात तर तोच सूर हरवतो. खोली अशी चौरस असली की दोन्ही दिशांनी हाच घोळ होतो. इतर संगीतात हे एक वेळ निभावतं. जमैकाच्या रेगे संगीतात बेस हेच मुख्य सूरवाद्य असतं, त्यामुळे बाहेरचे कान लागतातच.

बाहेरच्यांना ऐकवून बघायची ही पद्धत रेगेच्या घरातलीच आहे. जमैकाचे ध्वनी-अभियंता किंग टबी किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात राहत्या घरात मिक्स करायचे. तिथून निघालेले मिक्स ॲसिटेटच्या डबप्लेटवर (एकेकच कापलेल्या तबकडीवर) कापून साउंड सिस्टीमवर (नाचासाठी उभारलेल्या मोठ्या स्पीकरांवर), नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवले जात. ट्रॅकमध्ये दम आहे की नाही, ते लोकांच्या अंगातून लगेच कळायचं.

पाठवण्याआधी

मास्टर चॅनलवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) काढा. सर्वांत उंच शिखर उणे ६ डीबीच्या आसपास ठेवा आणि २४ बिटची वेव्ह फाइल काढा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत टेम्पो, ट्रॅकचा सूर आणि तुम्ही कशावर ऐकून मिक्स केलं, एवढं लिहा.

टेम्पो सांगताना मोजणी कशी धरली तेही लिहा. एकच ट्रॅक कुणी ७५ बीपीएम (मिनिटाला ठोके) मोजतो, कुणी १५०. ७५ च्या मोजणीत ‘डॉटेड एट्थ’ (पाऊण मात्रेचा) डिले, म्हणजे प्रतिध्वनी, ६०० मिलिसेकंदांचा, तर १५० च्या मोजणीत त्याच नावाचा डिले ३०० मिलिसेकंद होतो. सल्ला बरोबर असूनही इथे डब भागाचा (जिथे वाद्यं काढून प्रतिध्वनी खेळवतात) विचका होतो. म्हणून डिलेबद्दल बोलताना दोघांनीही मिलिसेकंदच वापरावेत.

कुणाला विचारायचं आणि काय

चार-पाच जण पुरेत: एक बेस वाजवणारा, एक मिक्सिंग जाणणारा, एक नाचणारा किंवा नाचणारी, आणि एक जण ज्याला रेगेची अजिबात सवय नाही. सगळेच संगीतकार निवडले तर प्रत्येक जण आपलं वाद्य वर करायला सांगतो.

‘कसा वाटला?’ विचारलंत तर ‘भारी!’ एवढंच उत्तर येईल. प्रश्न जागा दाखवणारे असावेत. दुसऱ्या कडव्यात एखादा शब्द निसटतो का? बेसचा कोणता सूर इतरांपेक्षा मोठा किंवा लहान वाटतो? मान कुठे डोलायची थांबते? उत्तरात मिनिट-सेकंद लिहायला सांगा. आधी एकदा नुसतं ऐकून, मग दुसऱ्यांदा ऐकताना टिपणं काढली तर उत्तम. त्या वेळी समोर असाल तर गप्प राहा. ‘तिथे मी मुद्दाम तसं केलंय’ असं एकदा म्हणालात की पुढचं खरं मत येत नाही.

ऐकणाऱ्याने दाखवलेली जागा घ्या, उपाय तुम्ही ठरवा

सवय नसलेला माणूस हमखास सांगतो: ‘पहिला ठोका रिकामा वाटतो, तिथे किक (मोठ्या ड्रमचा ठोका) टाक.’ वन ड्रॉप या रेगेच्या मुख्य तालात (१५० च्या मोजणीने) पहिली मात्रा मोकळीच असते. किक आणि क्रॉस-स्टिक (स्नेअर ड्रमच्या कडेवर काठीचा ठोका) तिसरीवर एकत्र पडतात, गिटारचा स्कँक (तुटक कॉर्ड) दुसरी-चौथीवर येतो. पहिलीवर किक टाकलीत तर ट्रॅकचा जीवच गेला. पण ती सूचना फेकूनही देऊ नका. ऐकणाऱ्याला पोकळी जाणवली हे खरं आहे, आणि तिचं कारण बहुतेक वेळा तिसऱ्या मात्रेवर सापडतं. तिथला आघात हलका असला की पहिलीची शांतता वाट पाहायला लावत नाही, नुसती रिकामी राहते.

तिसरी मात्रा अशी तपासा. किक आणि क्रॉस-स्टिक नेमक्या एकाच क्षणी पडतात का, हे वेव्हफॉर्म मोठा करून बघा. मग किकची फेज उलटवून पाहा आणि ज्या बाजूने आवाज भरीव होतो ती ठेवा. किकचं वजन ८० ते १०० हर्ट्झला ठेवून त्याखालची जागा बेसला द्या. क्रॉस-स्टिकला थोडा स्प्रिंग रिव्हर्ब द्या, पण पुढच्या मात्रेआधी त्याची शेपटी विरली पाहिजे. एवढं करून त्याच माणसाला पुन्हा ऐकवा. ‘किक टाक’ ही सूचना सहसा परत येत नाही.

‘गढूळ वाटतं’ म्हणजे बहुतेक २०० ते ४०० हर्ट्झमधली गर्दी. तिथे ऑर्गनचा बबल (तुटक, बुडबुड्यांसारखी साथ), गिटार, बेसचा वरचा भाग आणि गायकाची छाती असे सगळे एकमेकांवर बसतात. मास्टरवर ईक्यू (ठराविक सूरपट्टा कमी-जास्त करणारं साधन) लावून ही गर्दी कापू नका, त्याने बेसही पातळ होतो. सगळं वाजत असताना एकेक चॅनल म्यूट करा. जो बंद केल्यावर गाणं उघडतं, तो दोषी. गिटारला साधारण २५० हर्ट्झखाली कट, बबलला खालून २०० आणि वरून ३ ते ४ किलोहर्ट्झपासून कट, इथून सुरुवात करा.

‘मोबाइलवर बेसच नाही’ ही तक्रार आली म्हणून बेसचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) चढवू नका. मोबाइलच्या स्पीकरला ५५ हर्ट्झ झेपतच नाही. बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढा, तिचा १५० हर्ट्झखालचा भाग कापा, थोडं सॅच्युरेशन (वरचे अंशस्वर वाढवणारी हलकी विकृती) द्या आणि मूळ बेसखाली जेमतेम जाणवेल इतकी मिसळा. वरचे अंशस्वर ऐकू आले की खालचा सूर कान स्वतः भरून काढतो.

‘घाई झाल्यासारखी वाटते’ यावर ईक्यूचा इलाज नाही. बहुधा स्कँक लांबलेला असतो. तो १०० मिलिसेकंदांच्या आसपास तोडून बघा. ग्रिडला चिकटवलेला बेस ५ ते १० मिलिसेकंद मागे सरकवला तरी अंग सैल होतं.

डब भागात ‘सगळं पसरतं’ असं म्हणाले, तर डिलेच्या परतीच्या चॅनलवर ३०० हर्ट्झखाली आणि ३ किलोहर्ट्झवर कट लावा. शिवाय प्रत्येक ओळीवर डिले नको, ओळीचा शेवटचा शब्द तेवढा फेका.

मतं जुळली नाहीत तर

दोघांनी स्वतंत्रपणे एकाच सेकंदावर बोट ठेवलं, तर त्यांचे उपाय परस्परविरुद्ध असले तरी तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की. एकट्याचं मत वहीत राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाला नवी आवृत्ती म्हणून सेव्ह करा. एकदम सहा बदल केले की कशामुळे सुधारलं, ते कळत नाही.

दुसऱ्या फेरीत जुना आणि नवा मिक्स ‘क’ आणि ‘ख’ अशा नावांनी पाठवा, नवा कोणता ते सांगू नका. दोन्हींची पातळी अर्ध्या डीबीच्या आत जुळवा, कारण मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं. तुम्ही तुलनेला घेतलेल्या तयार गाण्यालाही हाच नियम, ते बहुधा ६ ते ८ डीबी खाली आणावं लागतं. तिसऱ्या फेरीला नवे कान शोधा, आधीच्यांना तोवर ट्रॅक पाठ झालेला असतो.

शेवटी ओळखीच्या साउंडवाल्याला गाठा. कार्यक्रमाआधी सिस्टीम लावून झाली की दहा मिनिटं सबवर (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरवर) वाजवून घ्या. तिथे बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा खालचा आवाज एकत्र (मोनो) होऊन जातो, म्हणून बेसवर स्टिरिओ वाइडनर (आवाज दोन्हीकडे पसरवणारं साधन) असेल तर तो तिथे गळून पडतो. घरीच मोनो करून ऐका आणि १०० हर्ट्झखालचं सगळं मधोमध आणा. सबसमोर उभं राहून पहिले दोन सूर ऐका, मग २० पावलं मागे जाऊन तेच ऐका. दोन्हीकडे बेसची चाल गुणगुणता आली तर फाइल मास्टरिंगला द्या. एकाच जागी आली तर दोष हॉलचा असू शकतो, आणखी एका सिस्टीमवर ऐकल्याशिवाय फेडरला हात लावू नका.