अठरा मिनिटांत विज्ञान सांगताना
इंदूरच्या मराठी मंडळांत व्याख्यान म्हटले की तासभराची तयारी गृहीत धरली जाते. ‘टेड’ या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मात्र वक्त्याला जास्तीत जास्त १८ मिनिटे मिळतात, आणि नवख्याने हीच मर्यादा आधी पत्करावी. विषय एकच घ्यावा. आपल्याच शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, बोलायचे असल्यास, सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात हे सांगण्यापूर्वी ओली छत्री श्रोत्यांसमोर गरकन फिरवावी: काठावरचे थेंब जसे स्पर्शरेषेत उडतात, तसाच चुंबकांनी वळवलेल्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांचा झोत बाहेर पडतो. (पहिल्या रांगेला आधी कल्पना द्यावी, माझ्या तालमीत एका काकांचा चष्मा भिजला.) उपमा कुठे तुटते तेही लगेच सांगावे, कारण थेंब हे छत्रीवरचेच पाणी असते, तर इलेक्ट्रॉन कड्यातच राहून केवळ ऊर्जा गमावतो आणि ती त्याला पुन्हा पुरवावी लागते. स्लाइड मोजक्याच ठेवाव्यात. पहिले व शेवटचे वाक्य तेवढे लिहून काढावे, बाकीचे घड्याळ लावून घरच्यांपुढे मोठ्याने बोलावे, आणि वेळ १६ मिनिटांच्या पुढे गेल्यास बोलण्याचा वेग न वाढवता एक मुद्दा गाळावा.